बॅटरीआबांचा इंग्रजी पिक्चर

भर दुपारी उन्हात बॅटरी पेटवून चालणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. नात्यानं ते माझे चुलत सासरे लागायचे. म्हणजे समोर आले की आधी डोईवरचा पदर सारखा करायचा आणि मग त्याच पदराआड हसून घ्यायचं. अख्खं माले गाव त्यांना बॅटरीआबा म्हणायचं. खरं नाव काय ते मी सून असूनही मतदारयादी लागली तेव्हाच मला कळलं, आणि ते ऐकून हा कोण बाबा, असं मीच विचारलं होतं.

पुण्याच्या कॅम्पात एका थेटरात त्यांनी हयात काढली. अंधारात लोकांच्या पायाशी उजेड पाडायचा आणि खुर्ची दाखवायची, हे काम. नोकरी सुटली तेव्हा मालकानं हीच बॅटरी त्यांच्या हातात ठेवली. लांबलचक, पत्र्याची, लाटण्याएवढी. ती घेऊन ते गावी आले, पण काम काही सुटलं नाही. लग्नात पंगत बसायला लागली की हे हजर. बॅटरीचा उजेड पाटावर पडला तरच त्या पाटावर बसायचं. वरबाप असो नाहीतर कचेरीतला कारकून, "तुमी न्हाई, तुमी मागल्या रांगेत." दहाव्याला रडायला आलेल्या बायकांनाही त्यांनी उंचीप्रमाणं बसवलेलं मला आठवतंय, बुटक्या पुढं.

त्यांचे नियम दोनच. उशिरा आलेल्याला आत सोडायचं नाही, आणि एकदा बसलेल्यानं मधे उठायचं नाही. देवळात कीर्तन चाललं होतं, पेटीवाला पान थुंकायला म्हणून उठून गेला. परत आला तर हे दारात आडवे. "शो चालू हाय. मधी सोडत न्हाई." बुवा आत अभंग धरून बसलेत, पेटीवाला बाहेर खांबाशी, आणि दोघांच्या मधे आबा. शेवटी बुवांनी बिनपेटीचंच उरकलं. आबांचं म्हणणं एवढंच, की मधे उठून गेलेल्याला पुढं काय झालं ते जन्मात कळत नाही.

इंग्रजी त्यांना येत होतं असं गाव समजायचं, आणि गाव चुकत नव्हतं. येत होतं ते एवढंच. सिट डाऊन, नो स्मोकिंग, इंटर्व्हल आणि दिस वे प्लीज. एवढ्यावर त्यांचा संसारही चालायचा. ताट वाढलं की चुलतसासूबाई आतूनच ओरडायच्या, "या, दिशवे पिलीज, भाकरी गार व्हतीया."

कॅम्पात एक इंग्रजी पिक्चर फार दिवस टिकला होता म्हणे. कुण्या नामांकित दरोडेखोराचा. तो आबांनी इतका पाहिला, की बोलणं जरी कळलं नाही तरी चाल अंगात मुरली. पाणी शेंदायला पाठवलं तर विहिरीपासून लांब थांबायचे. दोन्ही हात मांड्यांजवळ सोडून, डोळे बारीक करून विहिरीकडं बघत राहायचे. मग एक पाऊल. मग पुन्हा थांबणं. चुलतसासूबाई रहाटाशी ताटकळलेल्या.

"आवं, हिरीकडं बगत काय ऱ्हायलाय? ती काय गोळी घालतीया व्हय? पोहरा सोडा."

आता तो पिक्चर आमच्या गावात कसा आला ते सांगते. चैत्रात भैरवनाथाची जत्रा असायची, आणि जत्रेला तंबूचा सिनेमा. त्या साली तंबूवाल्यानं देवाचा पिक्चर कबूल केला होता. कुठं रिळांच्या पेट्यांची अदलाबदल झाली कोण जाणे, दिवे घालवले आणि पडद्यावर एक पांढरा घोडा आला. लांबून येतोय, धूळ उडतीये. बायकांनी हात जोडले. मल्हारीच येतोय, दुसरं कोण येणार घोड्यावरून. घोडा जवळ आला, थांबला, आणि वरून हॅट घातलेला एक गोरा माणूस उतरून तोंड धुवायला लागला. आम्ही जोडलेले हात तसेच. म्हटलं, देव मागनं येत असेल.

देव आला नाही. त्या माणसानं तोंड धुतलं, पुसलं, हॅट घातली, काढली, आत फुंकर मारली, पुन्हा घातली. पोरं शिट्ट्या मारायला लागली, कुणी तंबूचे दोर सोडायला निघालं, आणि तंबूवाला हात जोडून उभा राहिला. तेव्हा आबा उठले. आपल्या जुन्या ओळखीचा माणूस पडद्यावर दिसला होता त्यांना. तंबूवाल्याचा पत्र्याचा भोंगा घेतला, पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सिट डाऊन. समदं सांगतो."

आणि सांगितलं हो. पिक्चर असा, की त्यात काही म्हणता काही घडत नाही. साऱ्या मुलखात त्या माणसाच्या नावानं दारं लागतात म्हणे, आणि हा आपला दाढी करतोय. एकदा घोड्यावर बसून या कडेपासून त्या कडेपर्यंत निघाला, की माझ्या शेजारणीचं पोर पाजून, ढेकर काढून, निजवून व्हायचं. आबांना तेच हवं होतं. सगळी रिकामी जागा त्यांची.

"हा कुटं चाललाय? तलाठ्याकडं चाललाय. ह्याचा बा गेलाय, वारसाची नोंद करायची हाय." घोडा चालतोय. "तलाठी चावडीत न्हाई." घोडा वळला. "उद्या या म्हनलाय. आज उद्या हाय." घोडा पुन्हा निघाला. "आता तलाठी हाय, पर दप्तर तालुक्याला हाय." असं बराच वेळ चाललं. मग तो गडी खाली उतरला आणि त्यानं बंदूक काढली. आबा शांतपणे म्हणाले, "असा मानूस दरोडेखोर हुतो." तंबू टाळ्यांनी दणाणला. आमचे तलाठी पुढंच बसले होते. दुसऱ्या दिवशीपासून त्यांना जत्रा आवडेनाशी झाली.

तेव्हा दारूबंदीचा कायदा कडक होता. पडद्यावर गुत्त्याचा देखावा आला, ग्लासावर ग्लास रिचवायला लागले, तसे आबा म्हणाले, समदी चहा पितायत. पुढनं कुणीतरी विचारलं की चहा पिऊन माणूस टेबलाखाली पडतो का. आबा म्हणाले, बिनदुधाचा हाय, चढतो.

एक सांगायचं राहिलं. तंबूत पडदा मधोमध. पुढं पुरुष, आणि पडद्याच्या मागच्या अंगाला आम्ही बायका, अर्ध्या तिकिटात. कापड पातळ, चित्र मागनंही तसंच दिसायचं, फक्त उलटं. त्यामुळं पुरुषांचा दरोडेखोर उजव्या हातानं गोळी मारायचा आणि आमचा डाव्या. यावरून घराघरात तंटे. एका घरात नवरा-बायकोनं दोन दिवस अबोला धरला. ती म्हणे डावरा, तो म्हणे आंधळी. शेवटी आबांकडं निवाड्याला गेले. आबांनी दोघांचं ऐकलं आणि तिला म्हणाले, "आर्ध्या तिकिटात उजवा हात कसा मिळंल, बाई?" तिला ते पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पुढं तंबूवाल्यानं तो पिक्चरच विकत घेऊन टाकला, आणि दर जत्रेला आबा आणि घोडा ठरलेले. लोक पिक्चर बघायला नाही, ऐकायला यायचे. दर वेळी गोष्ट वेगळी.

आता ओढ्याच्या काकूंचं. वावराच्या खाली ओढ्याकडेला खोपट होतं त्यांचं. नवरा कोळशाच्या भट्टीवर कामाला होता, तापानं गेला. पदरात दोन लेकरं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, जमिनीचा तुकडा नाही. काकूंनी गूळ कुजवून दारू काढायला सुरुवात केली. गावात तिला औषध म्हणायची पद्धत होती. आणि औषध कोण घेत नव्हतं ते विचारा. गावात दारूबंदीची समिती होती, तिची बैठक बरेचदा काकूंच्याच अंगणात व्हायची. काकूंना एकदा पकडून ताकीद देऊन सोडलं होतं. पुन्हा सापडल्या तर तुरुंग, हे फौजदारानं चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मग लेकरांचं कसं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

पुढं एका साली जत्रेला फौजदार स्वतः पिक्चरला आले, बरोबर दोन शिपाई. आबांनी तिघांना बॅटरी मारून पुढच्या खुर्च्या दाखवल्या. आता बघा, बॅटरीवाल्यासमोर लोक असं बोलतात, जसा काही तो तंबूचा खांबच. खुर्चीत बसता बसता फौजदारानं शिपायांना सांगितलं, की हा घोडा चालायला लागला की उठा, ओढ्यानं वर जा, बाई हितंच बसलीय, खोपट मोकळं हाय, भांड्यांसकट माल उचला. आबांनी ऐकलं. पण करतात काय? बायकांच्या बाजूला पुरुषानं जायचं नाही, आणि फौजदार तर त्यांच्या कोपराशी.

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. पोरगी त्यांच्या मांडीवर झोपलेली, पोरगा मामाकडं. घोडा निघाला. आम्हाला वाटलं, चालला तलाठ्याकडं. पण आबांचा आवाज आज निराळा आला.

"गडी निवांत चाललाय. त्याला ठावं न्हाई. फौजदार खुर्चीत बसल्यात, खरं हाय. पर त्यांचं दोन शिपाई उठून गेल्यात. वड्याच्या अंगानं गेल्यात."

पडद्यावर नुसतं वाळवंट. पुढनं एक धनगर म्हातारा म्हणाला, "आबा, वडा कुटाय ह्यात?"

"आटलाय. उन्हाळा हाय. आता ज्येचं घर वड्याला हाय, त्येनं काय करावं? त्येनं उठावं."

काकू शेंग सोलत होत्या, ती तशीच हातात राहिली. आणि पडद्याच्या खालच्या फटीतून बॅटरीचा उजेड आला. जमिनीवरनं सरकत सरकत आमच्या बाजूच्या कनातीपर्यंत गेला आणि तिथं थांबला. मधे उठणाऱ्याला ज्या माणसानं उभ्या आयुष्यात वाट दिली नाही, तो वाट दाखवत होता. काकूंनी पोरगी उचलून माझ्या मांडीवर दिली आणि गेल्या. पाठोपाठ माझ्या सासूबाई उठल्या, मग शेजारीण, मग एकेक करून चांगल्या सात-आठजणी.

पुढचं मला नंतर कळलं. बायका आडवाटेनं पोचल्या, शिपाई ओढ्याच्या वळणानं येत होते. मडकी ओढ्यात रिकामी केली, डबे डोहात बुडवले, पण भट्टीचा वास काही बुडवता येईना आणि तेवढ्यात पावलं वाजली. माझ्या सासूबाईंनी मग काय करावं? साऱ्या बायकांना ओढ्याच्या काठानं ओळीनं परसाकडं बसवलं. नुसतं बसवलं हो, लुगडी सावरून. अंधार पडल्यावरची ती वेळ बायकांची, त्या बाजूला पुरुषानं फिरकायचं नाही हे सरकारी माणसालाही कळतं. शिपाई लांबनंच खाकरले. सासूबाई उलट्या खाकरल्या. ते थांबले, पुन्हा खाकरले. पुन्हा सगळ्याजणी खाकरल्या. शेवटी ते तोंडं फिरवून माघारी निघाले. कुणाच्या बायका किती वेळ बसतील याचा कायदा त्यांच्याकडं नव्हता.

इकडं मी मांडीवर पोरगी घेऊन बसलेली. माझं चित्त पडद्यावर कुठलं. वाटत होतं, काकू परत आल्या नाहीत तर या पोरीला काय सांगू. पिक्चर संपत आला. त्या दरोडेखोराला मागनं गोळ्या घातल्या, तो पडला, पेटीत घातला, खड्डा खणला. आणि शिपाई हात हलवत तंबूत आले, फौजदाराच्या कानाशी वाकले. भोंग्यातून आवाज आला, "सापडला न्हाई बरं का. सुखरूप हाय. ही भलत्याच कुनाची मयत हाय." पोरगी झोपेत होती. मी तिलाच घट्ट धरलं.

फौजदार काही खुळे नव्हते. दिवे लागल्यावर त्यांनी आबांना जवळ बोलावलं आणि हे सगळं पिक्चरमध्ये होतं का, असं विचारलं. आबा म्हणाले, शब्द न् शब्द. फौजदार म्हणाले, ठीक, उद्या हाच पिक्चर पुन्हा लावा, मी इंग्रजी जाणणारा माणूस घेऊन येतो. शब्द जुळला तर तुमी घरी. न्हाई जुळला, तर सरकारी कामात अडथळा म्हणून माझ्यासंगं. आणि त्या बाईलाही मग सोडणार न्हाई.

त्या रात्री आबांच्या घरातनं चुलतसासूबाईंचा आवाज आला नाही. रोज उठता-बसता नवऱ्याला टोचणारी बाई, ती गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः दुकानात गेल्या आणि बॅटरीचे नवे सेल घेऊन आल्या. आबांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, "काल उजेड पिवळा पडला व्हता."

संध्याकाळी तंबूत पाय ठेवायला जागा नाही. फौजदारांनी आणले ते जवळच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. मोठा मान त्यांना. झेंडावंदनाला इंग्रजीतून भाषण करायचे, आणि ते कुणालाच कळत नसल्यामुळं ते फार चांगलं असतं असं सगळ्यांचं मत होतं. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, पेन्सिल काढली.

पिक्चर सुरू झाला आणि ते गोरे लोक बोलायला लागले. आता ते कसं बोलतात, तर तोंडात तंबाखूचा बार, आवाज नाकातून, ओठ हलले तर हलले. आम्हाला मागनं कापडातून हेडमास्तरांची सावली दिसत होती. ती पुढं झुकली. मग तिनं कानाला हात लावला. मग दुसऱ्या कानाला. मला एकदम समजलं, यांनाही आमच्याइतकंच कळतंय.

आबांनी पहिलं वाक्य सांगितलं. फौजदारानं विचारलं, "काय हो?"

हेडमास्तरांनी एकदा मागं वळून पाहिलं. मागं सगळं गाव बसलंय, त्यांच्या शाळेतली पोरं बसलीत. "बरोबर," ते म्हणाले.

एकदा बरोबर म्हटल्यावर दुसऱ्यांदा चूक कसं म्हणणार? हळूहळू त्यांना रंग चढला. घोडा निघाला आणि आबांनी कालचं सगळं जसंच्या तसं म्हटलं, शिपाई, ओढा, सगळं. काकू माझ्या शेजारी, झोपलेल्या पोरीचा हात हातात.

"ओढा?" फौजदार म्हणाले. "हेडमास्तर, कुठं दिसतो का तुम्हाला ओढा?"

"आटलेला आहे. तिकडचे ओढे हंगामी असतात, भूगोलात आहे." आणि वर आबांची चूक काढली, "फक्त 'त्यानं उठावं' असं नव्हे. 'त्याने उठलेले बरे', असा भाव आहे."

"उठलेले बरे," आबांनी भोंग्यातून दुरुस्त केलं.

असं होत होत शेवट आला. गोळ्या सुटल्या, तो पडला. पेटी, खड्डा, माती. पडद्यावर त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं, नुसता वारा वाहत होता. आबांनी भोंगा दोन्ही हातांनी धरला. "सापडला न्हाई. ही भलत्याच कुनाची मयत हाय."

फौजदार खुर्चीतनं अर्धे उठले. "अहो, मी डोळ्यांनी बघतोय. तोच आहे. ह्याला आंधळा सुद्धा ओळखेल. सांगा हेडमास्तर, मेला का नाही?"

तंबूत बाहेरच्या इंजिनाची घरघर तेवढी. काकूंनी पोरीचा हात एवढा आवळला की ती जागी होऊन रडायला लागली, आणि कुणीतरी तिच्या तोंडावर पदर धरला. हेडमास्तरांच्या सावलीनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"दिसायला तोच," हेडमास्तर म्हणाले. "पण तो नव्हे. जुळा भाऊ. संवादात स्पष्ट आहे."

वारा अजून वाहतच होता. पडदा पांढरा झाला. फौजदारांनी एकदा हेडमास्तरांकडं पाहिलं, एकदा आबांकडं आणि मग बराच वेळ त्या रिकाम्या पडद्याकडं. शेवटी त्यांनी विचारलं, अगदी हळू, खरंच उत्तर हवं असल्यासारखं, "मग खरा कुठाय?"

आबांनी भोंगा खाली ठेवला. नव्या सेलांचा पांढराशुभ्र उजेड फौजदारांच्या बुटांपुढं पाडला आणि कॅम्पातल्यासारखं कमरेत वाकून म्हणाले, "पिक्चर संपला, साहेब. दिस वे प्लीज. पायरी हाय, बगून."

तंबू उघड्या माळावर होता. तळहातासारखी सपाट जमीन, पायरी कसली तिथं. पण फौजदारांनी पाय चांगला उंच उचलला आणि जपून पलीकडं टाकला. मागोमाग हेडमास्तरांनीही.